गर्दीच्या प्रवासात पैसे, दागिने आणि मोबाईल सांभाळण्याविषयी

पेठकरीण (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंच्या उजव्या हातातली पाटली बसमध्ये चढताना कापून नेली. त्या ७४ वर्षांच्या आहेत आणि लग्न होऊन आल्यापासून याच शहरातल्या बसने फिरत आहेत, त्यामुळे त्यांना गर्दीची सवय नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. मंडईतून भाजी घेऊन त्या थांब्यावर उभ्या होत्या. बस आली, चार-पाच बायका एकदम दाराशी दाटल्या, पुढची बाई पायरीवर मध्येच थांबून पिशवी सावरू लागली, मागून रेटा आला, आणि कोणीतरी "आजी, सांभाळून" म्हणत त्यांचे मनगट धरून त्यांना वर चढवले. सासूबाईंनी त्या बाईचे आभारही मानले. पुढच्या थांब्यावर दोन-तीन बायका उतरून गेल्या, आणि तिकिटासाठी पर्स उघडायला हात पुढे केला तेव्हा मनगट मोकळे दिसले. कातडीवर साधा ओरखडाही नव्हता.

तक्रार रीतसर दिली आहे. पाटली त्यांच्या आईची होती, त्यामुळे दुःख आहेच. पण त्याहून जास्त त्यांना हे लागले आहे की आपण फसलो. त्यातच घरातल्या दोघातिघांनी "एवढे सोने घालून बसने जायचेच कशाला" असे बोलून दाखवले. तेव्हापासून त्या एकट्या घराबाहेर पडलेल्या नाहीत, आणि हे मला चोरीपेक्षा मोठे नुकसान वाटते.

तीन आठवड्यांनी आम्हा दोघींना भाचीच्या लग्नासाठी एसटीने कोल्हापूरला जायचे आहे. बरोबर आहेराचे रोख पैसे असतील, दोन-चार दागिने असतील, मोबाईल आणि आधार कार्ड असतील. "सावध राहा" हा सल्ला मला नको आहे, कारण सासूबाई सावधच होत्या. कोणती वस्तू नेमकी कुठे ठेवायची, चढताना-उतरताना हात कुठे असावेत आणि काही गेलेच तर पहिल्या तासाभरात काय करायचे, हे अनुभवी माणसांकडून समजून घ्यायचे आहे.

लाल डबा

ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्या फसल्या नाहीत हेही सांगा. मी ३१ वर्षे एसटीत वाहक होतो. या प्रकारात समोर एक माणूस नसतो, तीन-चार जणांची टोळी असते, आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. एकजण पायरीवर चढून अडतो. त्याची पिशवी अडकते, चप्पल निघते, किंवा "ही गाडी अमुक ठिकाणी जाते का" असे तो खाली उतरत उतरत विचारतो. दुसरा मागून रेटतो. तिसरा हात चालवतो, आणि त्याच्या हातावर बहुतेक वेळा ओढणी, वर्तमानपत्र किंवा घडी घातलेले जर्किन असते. माल हाती आला की तो लगेच चौथ्याकडे जातो, म्हणून संशयिताला धरले तरी त्याच्याजवळ काही सापडत नाही. तुमच्या सासूबाईंचे मनगट ज्या बाईने धरले तिच्याजवळ ती पाटली अर्धा मिनिटसुद्धा राहिली नसेल.

माझ्या सगळ्या नोकरीत मी जेवढ्या चोऱ्या पाहिल्या, त्यातल्या फार मोठ्या भागाची जागा एकच होती, ती म्हणजे दार. चालत्या गाडीत, दाटीने उभे असतानाही चोरी होते, परंतु दारात माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, लक्ष पायरीवर असते, आणि अंगाला अंग लागले तरी त्याचे काही वाटत नाही. म्हणून खरी तयारी गाडी येण्याआधी झाली पाहिजे. तिकिटाचे सुटे पैसे आधीच वेगळे काढून ठेवावेत, मोबाईल आत गेलेला असावा, पर्सची चेन लागलेली असावी आणि पर्स काखेत दाबलेली असावी. पुढचा माणूस पायरीवर विनाकारण अडला आणि मागून त्याच वेळी रेटा आला, तर चढण्याचा हट्ट धरू नये; बाजूला होऊन उभे राहावे. जागा मिळणार नाही या भीतीनेच माणूस रेट्यात शिरतो, म्हणून कोल्हापूरसाठी आरक्षण करून घ्या. आसन ठरलेले असले की शेवटी चढता येते, आणि शेवटी चढणाऱ्याच्या मागे कोणी नसते.

दुसरी गोष्ट सवलतीची. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. ही फार चांगली सोय आहे, पण तिच्यामुळे ज्येष्ठ मंडळी गर्दीत आधार कार्डासाठी सगळी पर्स उलगडून बसतात आणि नोटांची घडी आजूबाजूच्या चारजणांना दिसते. आधार कार्ड आणि तिकिटापुरते पैसे एका लहान प्लास्टिकच्या पाकिटात वेगळे ठेवले, की मोठी पर्स प्रवासभर उघडावीच लागत नाही.

तिसरी गोष्ट हाताची. माणसाला भीती वाटली की त्याचा हात जिथे पैसे आहेत तिथे जातो. "खिसेकापूंपासून सावध राहा" ही पाटी वाचून लोक आपला खिसा चाचपतात, आणि जो बघायला उभा असतो त्याला न विचारता पत्ता कळतो. लक्षात राहू द्या: ठेवल्यावर चाचपायचे नाही.

नव्या पेठेतला

माझा एक प्रश्न आहे. चोरी झाल्याचे चालत्या गाडीतच लक्षात आले तर वाहकाने काय करणे अपेक्षित असते? मला एकदा असा अनुभव आला होता, पण ओरडावे की नाही याच विचारात थांबा येऊन गेला.

लाल डबा

ताबडतोब आणि मोठ्याने सांगावे, यात संकोच करू नये. आम्ही अशा वेळी चालकाला दार बंद ठेवायला सांगत असू आणि गाडी मधल्या थांब्यावर न थांबवता थेट जवळच्या पोलीस चौकीवर नेत असू. कित्येकदा चोर घाबरून वस्तू आसनाखाली टाकून देतो आणि झाडाझडतीच्या आधीच ती सापडते. एक कळकळीची विनंती मात्र आहे. कपड्यांवरून किंवा बोलीवरून कोणावर संशय घेऊन हात उचलू नका. निरपराध माणसाला मार बसताना मी पाहिला आहे, आणि खरा चोर इस्त्रीचा सदरा घालून मागच्या दाराने शांतपणे उतरून गेला होता.

सुईदोरा

मी शिवणकाम करते आणि माझ्याकडे लग्नसराईच्या आधी व वारीच्या आधी चोरखिशाचे काम हमखास येते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. बाजारात मिळणारे कमरेचे पाऊच मला पटत नाहीत, कारण ते पोटावर उठून दिसतात आणि ऐवज इथे आहे हे लांबूनच सांगतात. आपल्याकडच्या जुन्या बायका नऊवारीच्या कनवटीला पैसे खोचत, आणि पुरुष कमरेला कापडी कसा, म्हणजे पैशांची लांबट पिशवी, बांधत. दोन्हींतले तत्त्व एकच होते, की पैसा अंगालगत असावा आणि वरून वस्त्राचा पदर असावा.

साडी नेसणाऱ्यांसाठी परकराला आतून खिसा लावावा. कापड मांजरपाटाचे घ्यावे, ते घामाने चिकटत नाही आणि घसरतही नाही. साधारण पाच इंच रुंद आणि सात इंच खोल असा खिसा नेफ्याच्या खाली चार बोटांवर, पोट आणि कुशी यांच्या मधल्या भागात येईल असा बसवावा, म्हणजे बसताना टोचत नाही. तोंडाला बारीक चेन लावून तिच्यावर दोन बोटे रुंदीची पट्टी उलटी पाडावी. कडेने दुहेरी शिलाई हवी, कारण खिसा उसवतो तो कोपऱ्यातच. नोटा आडव्या, एकेरी घडीत ठेवाव्यात. आता चलनात सर्वांत मोठी नोट ५०० ची असल्यामुळे २०,००० रुपये म्हणजे ४० नोटा होतात. त्या एका गठ्ठ्यात फुगतात, दोन बाजूंच्या दोन खिशांत मात्र कळतही नाहीत.

सलवार-कुडता घालणाऱ्यांनी हाच खिसा सलवारीच्या नेफ्याला लावून घ्यावा. पुरुषांसाठी पँटच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला उभा चोरखिसा करता येतो, आणि गावाकडे आजही बंडीला आतून खिसा असतोच. पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवू नका, एवढे मात्र हात जोडून सांगते. तिथे अंगाला स्पर्श कळत नाही.

माझ्याकडे दुरुस्तीला आलेली एक पर्स अजून डोळ्यांसमोर आहे. तळाशी, शिवणीला अगदी लागून, काटकोनात दोन काप होते. चामडे आणि अस्तर एकाच फटक्यात कापले होते, तरी काप इतका सरळ होता की मी पट्टी लावून कापला असता तर तसाच आला असता. वरची चेन पूर्ण बंद होती. त्या बाईंनी सगळा प्रवास चेनवर हात ठेवून केला होता. म्हणून मोठी रक्कम पर्समध्ये ठेवायचीच असेल, तर ती तळाशी सोडू नये. मधल्या कप्प्यात, एखाद्या जाड वहीला लावून ठेवावी.

पेठकरीण

सुईदोराताई, तुमच्या वर्णनावरून आमच्या शिंपीणबाईंना दोन परकर शिवायला टाकले आहेत. दागिन्यांबद्दल मात्र माझ्या मनात गोंधळ आहे. सासूबाईंना मंगळसूत्र काढून ठेवणे अजिबात मान्य नाही, आणि त्यांना त्यासाठी आग्रह करणे मलाही योग्य वाटत नाही.

सुईदोरा

आग्रह करूच नका. प्रवासापुरती काळ्या मण्यांची साधी पोत किंवा एक ग्रॅमचे मंगळसूत्र घालावे, आणि सोन्याच्या वाट्या चोरखिशात ठेवाव्यात. अंगावर त्या असतातच. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन गळ्याशी पिन लावली तर पोत दिसत नाही. बांगड्या, पाटल्या मात्र काढूनच ठेवाव्यात. सोन्याची पातळ बांगडी लहानशा कटरने क्षणात तुटते आणि हाताला झटकाही लागत नाही. काढलेल्या पाटल्या मऊ फडक्यात वेगवेगळ्या गुंडाळाव्यात, म्हणजे चालताना आवाज होत नाही.

माउलीचा वाटसरू

गेली १४ वर्षे आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालतो. दोन्ही पालख्या पुण्यात येतात तो दिवस सर्वांत दाट गर्दीचा असतो, आणि दर्शनासाठी हात जोडलेल्या माणसाचे स्वतःच्या खिशाकडे लक्ष नसते. आमच्या दिंडीतल्या बायका सोने घरी ठेवून येतात, गळ्यात फक्त तुळशीची माळ असते. पैसे प्रत्येकाने तीन जागी वाटून ठेवायचे, हा आमच्या दिंडीचा नेम आहे: दिवसाचा खर्च वरच्या खिशात, आठवड्याचा कनवटीला, आणि परतीचे भाडे विणेकऱ्यांजवळ, नाव लिहिलेल्या पाकिटात. चोरी झाली तरी माणूस घरी पोहोचतो. आंघोळीच्या वेळी मात्र सगळे एकदम नदीवर जाऊ नये, कपड्यांजवळ एकजण बसलाच पाहिजे.

हडपसरकर

माझ्या पिढीला पाकिटाची फारशी चिंता नसते, कारण सगळे पैसे मोबाईलमध्ये असतात. पण मोबाईल गेला की काय होते, ते मी विसर्जनाच्या मिरवणुकीत अनुभवले. बेलबाग चौकाजवळ मानाचा गणपती पुढे सरकत होता, मी दोन्ही हात वर करून चित्रफीत काढली, मोबाईल सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला आणि टाळ्या वाजवू लागलो. पाच मिनिटांनी खिसा रिकामा होता.

त्यानंतर मी ज्या क्रमाने धावपळ केली तो चुकीचा होता, म्हणून योग्य क्रम लिहितो. पहिल्यांदा दुसऱ्याच्या फोनवरून सिमकार्ड बंद करून घ्यावे, कारण चोर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवू शकतो. मग बँकेला कळवून यूपीआय आणि मोबाईल बँकिंग थांबवावे. त्यानंतर गुगल किंवा ॲपलच्या सोयीने फोन दूरून कुलूपबंद करावा. मग पोलीस तक्रार, आणि तिची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) रोखण्याची विनंती नोंदवावी. तसे झाले की तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, आणि कोणी त्यात सिम घातले तर त्याचा मागही लागू शकतो. हा क्रमांक स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर पडद्यावर दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवा. माझ्याजवळ तो नव्हता आणि फोनचे खोके कधीच रद्दीत गेले होते.

आणखी एक अडचण मला आधी ठाऊक नव्हती. त्याच नंबराचे नवे सिम मिळाले तरी त्यावर पहिले २४ तास संदेश येत नाहीत, कारण फसवणूक टाळण्यासाठी तसा नियमच आहे. म्हणजे एक संपूर्ण दिवस ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे पैसेही नाहीत. परगावी असताना हे घडले तर अंगावर थोडी रोख रक्कम आणि चार फोन नंबर कागदावर लिहिलेले असलेच पाहिजेत. मला त्या रात्री आईचा नंबरसुद्धा पाठ नव्हता.

खातेवही

बँकेत नोकरी केलेली असल्यामुळे कार्डांबद्दल लिहिते. पिन न टाकता नुसते टेकवून चालणारे कार्ड एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार करू देते. ही मर्यादा जानेवारी २०२१ पासून आहे. पाकीट हरवल्यावर त्या कार्डाला पिनचे संरक्षण आहे असे समजू नये. प्रवासाला निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ही सोय बंद करता येते, तसेच कार्डाची मर्यादाही कमी करता येते, आणि परत आल्यावर दोन्ही पूर्ववत करता येतात. दोन कार्डे असतील तर एक बरोबर घ्यावे आणि दुसरे सोबतच्या व्यक्तीकडे द्यावे.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाला सोसावे लागते. कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेचे. म्हणून प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. कार्डाच्या पाकिटातच पिनची चिठ्ठी ठेवणारे कित्येक ज्येष्ठ खातेदार मी पाहिले आहेत. हा निष्काळजीपणाच मानला जातो, त्यामुळे ती चिठ्ठी आजच फाडून टाकावी, ही विनंती. कळवताना तक्रारीचा क्रमांक आणि वेळ दोन्ही लिहून घ्यावे. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावरही लगेच नोंद करावी.

नव्या पेठेतला

तक्रारीबद्दल थोडी भर घालतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस थेट करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत घडले नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमात तर टोळीने केलेल्या पाकीटमारीचा उल्लेख छोट्या संघटित गुन्ह्यांमध्ये आहे. म्हणून तक्रार देताना "हरवले" असे लिहू नका, "चोरीला गेले" असेच लिहा, आणि अडवणारे व रेटणारे जे जे आठवतील त्यांचे वर्णन द्या. रेल्वेत घडले तर १३९ वर कळवावे. धावत्या गाडीत तिकीट तपासनीसाकडे तक्रारीचा अर्ज मिळतो, त्यामुळे मधल्या स्टेशनवर उतरावे लागत नाही.

पर्वती पायथा

धाग्याच्या विषयाला लागूनच एक गोष्ट आहे, आणि ती ज्येष्ठांसाठी फार महत्त्वाची आहे. सकाळी फिरायला किंवा देवळात निघालेल्या आजी-आजोबांना दोन माणसे अडवतात, "आम्ही पोलीस आहोत, पुढे लूटमार झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा" असे सांगतात, मदत म्हणून स्वतःच पुडी बांधून देतात, आणि घरी जाऊन सोडल्यावर तिच्यात खडे निघतात. माझ्या वडिलांची अंगठी अशीच गेली. खरे पोलीस रस्त्यात कोणाला दागिने काढायला सांगत नाहीत. असे कोणी म्हणाले तर जवळच्या दुकानात शिरावे आणि ११२ वर फोन करावा. सासूबाईंना हे अवश्य सांगा, कारण चोरीचा धसका घेतलेल्या माणसाला हे बोलणे लगेच खरे वाटते.

दूरदेशी

आम्ही दोघे मागच्या वर्षी युरोपात गेलो होतो. पॅरिसची मेट्रो, रोमचे टर्मिनी स्टेशन आणि बार्सिलोनाचा ला रांबला रस्ता येथे लाल डबा यांनी सांगितलेला दारातला प्रकार जसाच्या तसा चालतो. फक्त भाषा वेगळी असते. तिथे पैशांपेक्षा पासपोर्ट जपावा लागतो. तो हरवला तर स्थानिक पोलिसांची नोंद घेऊन भारतीय वकिलातीत जावे लागते, आणि घाईत मिळणारा आपत्कालीन दाखला केवळ भारतात परतण्यापुरता चालतो, म्हणजे पुढची सहल तिथेच संपते. पासपोर्टची आणि व्हिसाची एक प्रत सामानात, एक जोडीदाराकडे आणि एक ईमेलमध्ये ठेवावी.

पेठकरीण

आम्ही कोल्हापूरहून काल परत आलो, म्हणून लिहिते आहे. आरक्षण केले होते, त्यामुळे दोन्ही वेळा शेवटी चढलो. आहेराचे पैसे दोघींच्या परकरांत अर्धे अर्धे होते, आधार कार्डे आणि तिकिटाचे पैसे प्लास्टिकच्या पाकिटात, माझे कार्ड टेकवण्याची सोय बंद करून, आणि आयएमईआय क्रमांक व सहा फोन नंबर चिठ्ठीवर. साताऱ्याला चहासाठी उतरताना पायरीवर थोडी रेटारेटी झाली, तेव्हा सासूबाईंचा हात सवयीने कमरेकडे निघाला आणि मध्येच थांबून त्यांनी तो दांडीवर ठेवला. मी मागून पाहत होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, लाल डबा हे गृहस्थ कोणत्या मार्गावर होते, कारण त्यांना कदाचित त्या ओळखत असतील. दुसरी, खिशाची चेन उजवीकडून उघडणारी करता येईल का, कारण त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना आता पकड राहिलेली नाही. सुईदोराताई, तशी चेन बसवता येते का ते कृपया सांगा. शनिवारी त्यांना मंडईत एकटीने जायचे आहे आणि त्याआधी परकर दुरुस्त होऊन यायला हवा.

सुईदोरा

येते. चेन उलटी धरून शिवायची, एवढेच. तिच्या ओढणीला सुताचा लहानसा गोंडा बांधायला सांगा, म्हणजे बोटांना पकड मिळेल. शिंपीणबाईंना जमले नाही तर परकर माझ्याकडे पाठवा, शुक्रवारपर्यंत करून देते.